मुंबईच्या रस्त्यांची चिकाटी

वसंतातल्या व्याख्यानासाठी आम्ही डांबर हा विषय घेतला, हे ऐकून आमच्या स्नेह्यांपैकी काहींना हसू आले. संतवाङ्मय, अर्थकारण, रंगभूमी, परराष्ट्रनीती अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत हे काळे, चिकट द्रव्य कोठून येऊन बसले, असा त्यांचा प्रश्न. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, बाकीचे विषय श्रोत्यांना सभागृहात आल्यावर भेटतात. हा विषय त्यांच्या दारापासून सभागृहाच्या पायरीपर्यंत त्यांच्या पायांखालीच असतो. आणि पायांखाली असलेल्या वस्तूकडे माणसाचे लक्ष जाते ते ठेच लागल्यावरच.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे राहणाऱ्या आपणा सर्वांची डांबराशी ओळख दोन प्रसंगांतून झालेली आहे. वैशाखात भर दुपारी रस्ता ओलांडताना ते चपलेला चिकटते आणि आषाढात दोन दिवस झड लागली की तेच डांबर रातोरात नाहीसे होऊन तेथे खड्डा दिसू लागतो. एकदा हे द्रव्य सोडता सोडत नाही आणि एकदा धरता धरत नाही. एकाच पदार्थाच्या अंगी हे दोन परस्परविरोधी दोष कसे? ते घालविण्यासाठी रसायनशास्त्राने त्यात पॉलिमर, म्हणजे आपल्या विश्वकोशाच्या भाषेत ‘बहुवारिक’, मिसळण्याची युक्ती काढली ती कोणती? आणि युक्ती हाती असूनही आपले खड्डे का गेले नाहीत? या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. तो करताना थोडे मागे जाऊन मुंबईच्या रस्त्यांचा इतिहास पाहावा लागेल. कारण रस्ता कशाने बांधावयाचा याचे उत्तर दरवेळी त्यावरून कोण जाणार यावर ठरत आले आहे.

मुंबई मुळात सात बेटांची. बेट बेटाला जोडणे हेच तिचे पहिले मोठे रस्तेकाम. १८३८ साली कुलाब्याचा बांधरस्ता झाला, १८४५ साली माहीमचा. माहीमच्या बांधरस्त्यासाठी पैसा दिला तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी; दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी हे नाव आठवावे. त्या काळचा पक्का रस्ता म्हणजे मॅकॅडम या स्कॉटिश स्थापत्यकाराच्या पद्धतीचा खडीचा रस्ता. काळा दगड फोडून त्याची खडी करावयाची, ती सारखी पसरावयाची, वर मुरूम व कच टाकावयाची, पाणी मारावयाचे आणि रूळ फिरवून दाबावयाचे. दगडाची भुकटी आणि पाणी यांच्या लगद्यानेच खडीला खडी धरून राही. म्हणजे त्या रस्त्याला बांधून ठेवणारे द्रव्य पाणीच होते. पुढे ज्या पाण्याने रस्त्यांचा घात केला, त्याच पाण्याच्या जिवावर आपले पणजोबा रस्ते बांधीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या रस्त्यावरून बैलगाडी जाई. तिच्या चाकाच्या लोखंडी धावेखाली खडी थोडी थोडी भरडली जाई आणि ती भुकटी फटींत बसून रस्ता पुन्हा सांधला जाई. गाडी रस्ता झिजवी आणि तीच तो सांधीही. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची ट्राम आली. पण ट्राम आपल्या रुळांवरून जाणारी, तिने खडीचे फारसे वाकडे केले नाही. खडीच्या रस्त्याचा खरा शत्रू म्हणजे मोटारीचे रबरी चाक. ते दगड भरडत नाही. उलट वेगाने जाताना खडीच्या फटींतली भुकटी ओढून हवेत उडवून देते. सांधणारे द्रव्यच गेल्यावर खडी मोकळी होते. जगभर मोटारी आल्या आणि जगभर धुळीचे लोट उठले.

धूळ हा त्या वेळी आरोग्याचा प्रश्न होता, आणि आरोग्याच्या प्रश्नाने मुंबईचे रस्ते पूर्वीच बदलले होते. १८९६ साली मांडवीत प्लेग दिसला आणि शहर हादरले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत समुद्राचा वारा खेळावा म्हणून या ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्यानेच वसविल्या. १९३३ साली तो महापालिकेत विलीन झाला. रस्ता ही केवळ गाडीची सोय नसून नागरिकाच्या फुप्फुसाची सोय आहे, हा विचार मुंबईने असा मोठी किंमत मोजून शिकला. तिकडे युरोपातही धुळीवर पहिला नामी उपाय योजला तो एका डॉक्टरानेच. गुग्लिएल्मिनेट्टी नावाच्या स्विस डॉक्टराने १९०२ साली मोनॅको येथे रस्त्यावर दगडी कोळशाचे डांबर ओतून धूळ बसविली. त्याच वर्षी इंग्लंडात हूली याने डांबर माखलेल्या खडीचे पेटंट घेतले.

दगडी कोळशाचे डांबर मुंबईला नवे नव्हते. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत. लालबागेत त्या गॅस कंपनीचा कारखाना होता. ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव तेथे आजही ऐकू येते. कोळशातून गॅस निघून गेला की मागे कोक उरतो आणि काळे, उग्र वासाचे, दाट डांबर उरते. खरे डांबर ते हेच. आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते रसायनदृष्ट्या निराळे द्रव्य आहे: त्याचे नाव बिट्युमेन, आणि ते खनिज तेलातला तळाचा भाग होय. तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे हलके भाग वर निघून गेले की तळाशी जे उरते ते बिट्युमेन. पृथ्वीच्या पोटातून ते कोठे कोठे आपोआप वरही येते. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी लावले होते ते हेच. कोळशाच्या डांबरात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये भरपूर असतात हे पुढे कळले, आणि रस्त्यावरून ते मागे पडत गेले. आपल्या भाषेने मात्र दोघांना एकच नाव ठेवले. व्यवहारात तेच रूढ असल्याने आम्हीही येथून पुढे बिट्युमेनला डांबरच म्हणणार आहोत.

१९२६ सालच्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटार-बस धावली. रस्त्यांचा प्रश्न आता केवळ शहराचा राहिला नव्हता. १९२७ साली सरकारने अखिल देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे नामांकित बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुण्याच्या विद्यापीठातील जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचे, तेच हे जयकर. समितीने १९२८ साली अहवाल दिला. त्याप्रमाणे १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून त्यातून रस्त्यांचा मध्यवर्ती निधी उभारण्यात आला. जो रस्ता वापरतो त्यानेच रस्त्याचा खर्च द्यावा, हे त्यामागचे तत्त्व. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही स्थापत्यविशारदांची संस्था निघाली आणि १९५२ साली दिल्लीत मध्यवर्ती रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. डांबरी रस्त्याचे आजचे सारे भारतीय नियम या दोन संस्था आणि मानक ब्यूरो यांच्या कामातून आले आहेत.

डांबरही पुढे मुंबईच्या अगदी दाराशी तयार होऊ लागले. १९५४ साली तुर्भ्यास स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि १९५५ साली माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७४ आणि १९७६ साली त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी आपल्या परिचयाचे झाले. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टी. टी. म्हणताना त्यातला एक ‘टी’ ट्रामचा आहे, हे आता सांगावे लागते. कित्येक ठिकाणी ट्रामचे रूळ उखडलेच नाहीत. त्यांवर डांबराचा थर चढविला आणि वरून बसगाड्या सुरू केल्या. काही वर्षांमागे हुतात्मा चौकात खोदकाम चालले असता ते रूळ पुन्हा वर आले तेव्हा तरुण मंडळींना मोठे नवल वाटले. आम्हाला त्यात शहराची सवय दिसली. खाली काय आहे ते न काढता, न तपासता, वर एक थर देऊन मोकळे व्हावयाचे, ही ती सवय. असे थरावर थर चढून कित्येक गल्ल्यांत रस्ता चाळीच्या जोत्याहून उंच झाला आणि पावसाचे पाणी तळमजल्याच्या खोल्यांत शिरू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डांबरी रस्ता म्हणजे सगळे डांबर, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, शंभर किलो मिश्रणात सुमारे पंचाण्णव किलो खडी व बारीक कच असते आणि डांबर अवघे पाच किलोच्या आसपास. भार उचलते ती खडी. डांबराचे काम तिला एकत्र धरून ठेवण्याचे. हे पाच किलो डांबर तीन संकटांना तोंड देत असते: ऊन, ओझे आणि पाणी.

उन्हाचे संकट असे. डांबर घन आहे की द्रव, याचे उत्तर हवामानावर अवलंबून असते. थंडीत ते कडक होऊन तडकते, उन्हात सैल होऊन वाहू लागते. मे महिन्यात हवेचे तापमान पस्तीस अंश असले तरी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वी आपल्याकडे डांबराची प्रत ठरवीत ती पंचवीस अंशांवर त्यात सुई किती रुतते हे पाहून. रस्ता तापणार साठ अंशांना आणि परीक्षा पंचवीस अंशांची! २००६ साली भारतीय मानक बदलले आणि साठ अंशांवरील दाटपणा ही कसोटी झाली. डांबराची तार किती लांब निघते तेही पाहतात. आमच्या घरची वडील माणसे लाडवाच्या पाकाची तार दोन बोटांत धरून पाहत. प्रयोगशाळेतली ही परीक्षा त्याच जातीची आहे.

दुसरे संकट ओझ्याचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून सतत मालमोटारी चालविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, आसावरचे ओझे दुप्पट झाले तर रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. हे गणित परळ-लालबागच्या रहिवाशांनी नीट ऐकावे. गिरण्या चालू होत्या तेव्हा या भागातले रस्ते माणसांच्या पाळ्यांनी भरून वाहत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उठू लागले. आता त्याच रस्त्यांवरून राडारोड्याचे डंपर आणि तयार काँक्रीटच्या गरगर फिरणाऱ्या गाड्या जातात. रस्ता तोच, त्यावरचे ओझे मात्र पार बदलले.

तिसरे आणि मुंबईच्या दृष्टीने सर्वांत मोठे संकट पाण्याचे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे. थर तडकला की फटीतून पाणी आत जाते. वरून बसचे चाक गेले की ते पाणी दाबले जाऊन खडीवरचे डांबर खरवडू लागते. चाक पुढे गेले की पुन्हा पाणी आत ओढले जाते. दिवसातून हजारो वेळा हा पंप चालतो. एक खडा सुटतो, मग शेजारचा सुटतो, आणि दोन दिवसांत खड्डा तयार होतो. म्हणजे वैशाखातले चिकटणे आणि आषाढातले सुटणे ही एकाच उणिवेची दोन रूपे आहेत: साध्या डांबराला ताणल्यावर पुन्हा मूळ जागी येण्याची शक्ती जवळजवळ नाही. एकदा ओघळले की ओघळलेच. एकदा फाटले की फाटलेच.

ही शक्ती बाहेरून आणून देणे, हेच पॉलिमरचे काम. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत ताणाखाली तुटते, लांब धाग्याच्या कापसाचे टिकते. आणि कापसाचा तंतू स्वतःही निसर्गाने घडविलेला एक पॉलिमरच आहे. डांबराचे रेणू आखूड. त्यात लांब माळा मिसळल्या तर ताण सोसण्याची ताकद येईल, ही कल्पना जुनीच आहे. प्रथम रबराचा चीक घालून पाहिला गेला. १९६०च्या दशकात अमेरिकेतील फिनिक्स शहरात चार्ल्स मॅक्डोनल्ड या अभियंत्याने जुन्या टायरांचा चुरा डांबरात शिजवून तडकलेल्या रस्त्यांवर वापरला. त्याच दशकात स्टायरिन-ब्यूटाडाइन-स्टायरिन हे लांबलचक नावाचे कृत्रिम रबर बाजारात आले. थोडक्यात त्याला एस. बी. एस. म्हणतात.

याची रचना मोठी गमतीची आहे. प्रत्येक माळेची दोन टोके पॉलिस्टायरिनची. ज्या थर्माकोलची मखरे महाराष्ट्रात २०१८ साली बंदी येईपर्यंत आपण गणपतीला करीत होतो, तो थर्माकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरिनच. माळेचा मधला भाग टायरात असते तशा मऊ रबराचा. थंड होताना अनेक माळांची कडक टोके एकत्र येऊन गाठी बांधतात आणि मधले रबर त्या गाठींमध्ये ताणलेले राहते. वरळीच्या किंवा माहीमच्या कोळ्याचे जाळे डोळ्यांसमोर आणा: गाठी पक्क्या आणि त्यांमधला दोरा लवचिक. डांबरात असे अदृश्य जाळे पसरते. उन्हात ते डांबराला वाहू देत नाही आणि चाकाखाली ताणले तरी परत आणते. पुन्हा भट्टीत तापविले की गाठी सैल होतात आणि मिश्रण पसरता येते. कसोटीही सोपी आहे. पंधरा अंशांवर डांबराची तार दहा सेंटिमीटर ताणावयाची, मधोमध कापावयाची आणि तासाभराने ती किती आखडली ते मोजावयाचे. साधे डांबर जवळजवळ तसेच पडून राहते. चांगले पॉलिमरयुक्त डांबर निम्म्याहून अधिक मागे येते. आपल्याकडे रोड्स काँग्रेसने १९९९ साली याविषयी मार्गदर्शिका काढली आणि २००४ साली भारतीय मानक तयार झाले.

यात पॉलिमर लागते तरी किती? डांबराच्या साधारण तीन ते पाच टक्के. म्हणजे शंभर किलो मिश्रणात पाच किलो डांबर आणि त्यात जेमतेम पाव किलो पॉलिमर. लोणच्यातल्या हिंगाएवढे! पण हिंग जळला तर लोणचे कडू होते, तशीच येथेही गोष्ट आहे. हे मिश्रण साध्या डांबरापेक्षा अधिक तापवावे लागते. कमी तापले तर रोलरखाली नीट दाबले जात नाही, फार तापले तर माळाच तुटतात. ढवळल्यावाचून ठेवले तर पॉलिमर वर आणि डांबर खाली असे ते वेगळे होऊ शकते. डांबराचा भावही वाढतो. आणि मुख्य म्हणजे, खडीला धूळ किंवा ओल असेल, रोलर फिरेपर्यंत मिश्रण गार झाले असेल, खालचा थर पोकळ असेल, तर हे जाळे काहीही करू शकत नाही. जाळे कितीही चांगले असले तरी होडीला भोक असेल तर कोळी बुडतोच.

याच संदर्भात प्लॅस्टिकच्या रस्त्यांचा उल्लेख करावयास हवा, कारण त्याविषयी लोकांत मोठे कुतूहल आहे. मदुरेच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी टाकाऊ पिशव्यांचा कीस करून तो तापलेल्या खडीवर टाकण्याची रीत काढली. प्लॅस्टिक वितळून खडीवर पातळ लेप चढतो, वर डांबर घातले की पाण्याला दगडाशी सलगी करता येत नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोड्स काँग्रेसने २०१३ साली या रीतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि २०१५ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांजवळच्या महामार्गांसाठी ती लागू केली. मुंबईला या शोधाचे विशेष अगत्य वाटणे साहजिक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गटारांत अडकलेल्या पिशव्यांनी काय केले ते आपण पाहिले आहे. तरी आमचे मत सांगतो. एस. बी. एस. हे रस्त्यासाठी घडविलेले द्रव्य आहे; पिशवी ही भाजीसाठी घडविलेली वस्तू आहे. तिचा लेप खडीचे पाण्यापासून रक्षण करील, पण रबराचे जाळे ती विणणार नाही. प्लॅस्टिक निवडलेले, धुतलेले, योग्य जातीचे हवे, पी. व्ही. सी. तापविले तर विषारी वायू सुटतो. रीत उपयोगी आहे. मात्र रस्ता चांगला व्हावा म्हणून प्लॅस्टिक घालणे निराळे आणि कचरा दिसेनासा व्हावा म्हणून तो रस्त्यात पुरणे निराळे. दुसरा हेतू ठेवला तर हुतात्मा चौकातल्या रुळांसारखा तोही एक दिवस वर येईल.

दरम्यान मुंबईने डांबराविषयी आपला निर्णय दिलाही आहे. शहराच्या सुमारे दोन हजार किलोमीटर रस्त्यांपैकी जवळजवळ चारशे किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाचा प्रारंभ २०२३ च्या जानेवारीत झाला आणि पुढचा टप्पाही हाती घेण्यात आला. काँक्रीटची कल्पना मुंबईला परकी नाही. मरीन ड्राइव्हचा रस्ता १९४० च्या सुमारास काँक्रीटचाच झाला होता. पाण्याचे त्याला भय कमी, आयुष्य अधिक. हा निर्णय चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, डांबरावर खटला न चालविताच त्याला शिक्षा झाली. ज्या रस्त्यावर पुरेसा दाब दिला नाही, ज्याचे गटार तुंबलेले राहिले, ज्यात पाणी, वीज, गॅस आणि तारा यांसाठी दरवर्षी चर खणून ते मातीने बुजविले, तो रस्ता फुटला. आणि दोष गेला शंभरातल्या पाच किलो डांबराकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! उद्या काँक्रीटच्या फरशीखालचा भराव पोकळ राहिला, सांध्यांत पाणी शिरले, आणि पुन्हा चर खणले गेले, तर काँक्रीटही तडकेल, आणि त्याची डागडुजी डांबरापेक्षा कठीण आहे. शिवाय पुलांवर, चौकांत, जुन्या जलवाहिन्यांच्या गल्ल्यांत डांबर राहणारच आहे. तेथे ते चांगल्या प्रतीचे असावे, हा आग्रह सोडून चालणार नाही.

हा प्रश्न सोयीचा असता तर आम्ही आपला इतका वेळ घेतला नसता. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तो दिसत नाही; दुचाकीवरचा तरुण त्यात आदळतो आणि मागून गाडी येत असते. अशा बातम्या आपण दर श्रावणात वाचतो आणि पान उलटतो. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, सुस्थितीतला रस्ता मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १८८८ च्या महापालिका कायद्यात रस्ते राखणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहेच. कायद्याची बाजू अशी पूर्ण आहे. भरपाईने घरातली रिकामी जागा भरत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही कायद्याच्या हातची नाही.

कर्तव्याची दुसरी बाजू आपली आहे. गणेशोत्सव आला की मंडपासाठी रस्त्यात खड्डे आपणच खणतो, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते मातीने बुजवून घरी जातो. ज्या रस्त्यावरून गणराय आणतो त्यालाच पहार मारतो! आम्हीही तरुणपणी गिरगावात मंडपाचे खांब रोवले आहेत. पाय भाजू नयेत म्हणून गोणपाट गुंडाळून डांबराच्या पिंपाजवळ राबणारे बिगारी तेव्हा गल्लीत पाहिले होते. त्यांनी घातलेल्या थराला आपण पहार लावतो आहो, हा विचार त्या वेळी आमच्या मनात आला नाही. तो आज येतो, म्हणून येथे कबुली देतो.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती अगदी साधी आहे. आपल्या गल्लीत रस्त्याचे काम निघाले की गॅलरीतून नुसते पाहू नका, खाली उतरा. कोणत्या प्रतीचे डांबर आणले आहे, ते विचारा. मिश्रण पसरताना ते किती तापलेले आहे, रोलर ते गार होण्यापूर्वी फिरतो की नाही, ते पाहा. खालचा चर कशाने भरला आणि गटाराचे तोंड मोकळे आहे काय, हे मुकादमाला विचारा. उत्तर न मिळाल्यास दुसऱ्या दिवशी विभाग कार्यालयात जाऊन लेखी विचारा. या प्रश्नांना पदवी लागत नाही. शंभर किलोतल्या पाव किलो द्रव्याने रस्त्याला जी चिकाटी येते, तेवढी चिकाटी नागरिकांपैकी थोड्यांच्या अंगी आली तरी पुरे. पावसाळ्याला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात आपल्या गल्लीतला एक तरी चर नीट बुजला तर हे व्याख्यान फुकट गेले असे आम्ही समजणार नाही. इतके बोलून आपली रजा घेतो.